माध्यम बदलण्याची वेळ

रंगपंचमीला इंदूरला सुटी असते,
पेशींना नसते.
दर दोन दिवसांनी त्यांचं गुलाबी पाणी बदलावं लागतं,
नाहीतर ते पिवळं पडतं आणि त्या रुसतात.
रुसतात म्हणजे मरतात. आमच्यात असंच म्हणतात.

डॉक्टर शेवडे म्हणाले होते, राजवाड्याकडून येऊ नका, गेर निघेल.
मी गल्लीबोळांतून स्कूटर काढली,
तरी एका वळणावर टँकरच्या तोफेनं गाठलंच.
केसांत हिरवा, कानांत हिरवा,
ओढणीचा मूळ रंग आता मलाही सांगता येणार नाही.

आत गुलालाचा एक कण गेला
तर सहा आठवडे वाया.
बाहेरच्या नळाखाली तीनदा डोकं धुतलं.
चौथ्यांदा धुतलं. पाणी अजून पोपटी.
शेवटी दोन टोप्या, दोन मास्क, उसना गाऊन.

सदतीस अंशांवर शांतता.
एका बशीत स्नायूच्या पेशी,
लांबट, एकाच दिशेला डोकी करून निजलेल्या,
लग्नघरातल्या सतरंजीवर पाहुणे निजतात तशा.
दुसरीत अस्तराच्या:
खेटून खेटून, फट म्हणून सोडत नाहीत.
लघवी थोपवायची तर अशाच शेजारणी हव्यात.
दोन्ही वाढवल्या नखाएवढ्या तुकड्यातून.
तुकडा शर्वरी मुंगीचा. वय अकरा.

जन्मली तेव्हा तिची पाठ उघडी होती.
शिवली दुसऱ्या दिवशी,
पण कण्यातून खाली जाणारा निरोप तो वाटेतच राहिला.
मूत्राशय जाड, आवळलेलं, मुठीएवढं.
दर तीन तासांनी नळी. स्वतःची स्वतः घालते.
दप्तरात कंपासपेटीशेजारी नळ्यांची पेटी.
"काकू, पलासियाच्या थांब्यामागचं संडास सगळ्यात चांगलं,
आतून कडी लागते."
स्वच्छतेचं बक्षीस द्यायला येतात ते लोक
इतकं बारकाईनं तपासत नसतील.

जुना उपाय आतड्याचा:
तुकडा कापायचा, ठिगळ लावायचं.
पण आतडं स्वभाव सोडत नाही,
नव्या घरातही बुळबुळ सोडत राहतं, खडे धरतात.
मी बडोद्याची. बावीस वर्षं झाली इथे,
आमटीत गूळ घालतेच.

म्हणून हा सांगाडा, कोलॅजनचा,
ओल्या पापडासारखा, हात लावायची भीती वाटते.
बाहेरून स्नायू लावायचे, आतून अस्तर,
मग काचेच्या भांड्यात पंपानं
भरायचा, रिता करायचा, भरायचा.
कधी ताणलाच नाही तर स्नायू शिकणार काय?

"मग तिला कळेल का हो, लागली आहे ते?"
आईनं विचारलं होतं.
डॉक्टरांनी चष्मा पुसला.
नसा आम्हाला विणता येत नाहीत, म्हणाले.
नळी राहील. दाब कमी होईल,
मूत्रपिंडं वाचतील, कदाचित.
परदेशात काहींची पिशवी सैल झाली,
काहींची पुन्हा आवळली.
कदाचित, असं ते परत एकदा म्हणाले.
आईनं पर्स बंद केली, उघडली, बंद केली.

आज गेरचा ढोल भिंतीतून येतोय,
बशीतल्या पाण्यावर बारीक वलयं.
भिंगाला डोळा लावला
आणि पेशींच्या मधोमध
एक हिरवा ठिपका.

हातपाय गार.
सहा आठवडे. नखाएवढा तुकडा. दुसरा मागायचा कुणी?
घाम डोळ्यात गेला, पापणी मिटली,
ठिपका हलला.
पुन्हा मिटली, पुन्हा हलला.
माझ्याच पापणीवरचा होता, मेला.

नोंदवहीत लिहिलं:
अकरा चाळीस. माध्यम बदललं. दूषण नाही.
गाऊन उतरवला, टोप्या उतरवल्या
आणि कॉरिडॉरच्या टोकाला धावले.
सकाळी सातपासून धरून ठेवली होती,
गर्दीत, नळाखाली, भिंगापाशी,
आणि एवढा वेळ
आठवणसुद्धा झाली नव्हती.